साडेदहाचा चहा

नांदुरा
शनिवार, १० जानेवारी २०२६

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आमच्या डाळ मिलच्या पहिल्या मोकळ्या सभेत कोणीच काही बोललं नाही. हे खरं नाही. सव्वीसच्या सव्वीस जण बोलले. प्रत्येक जण उभा राहिला, ‘माझं काही म्हणणं नाही’ असं म्हणाला आणि खाली बसला. आणि हे वाक्य सगळ्यात आधी मी म्हटलं.

घडलं ते असं. आमचे मालक गजेंद्रभाऊ नागपूरला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. आल्या आल्या म्हणाले, “समता, आपल्या मिलमध्ये माणसानं माणसाशी मोकळं बोललं पाहिजे. हे काम तुझं.” माझ्या नेमणुकीच्या पत्रात ‘ऑफिस सहायक व इतर कामे’ असं लिहिलेलं आहे. हे इतर कामांत बसलं. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी आपल्या घरची रीत सांगितली. पौर्णिमेला वंदना झाली की सगळ्यांनी गोल बसायचं, सगळ्यात लहानानं आधी बोलायचं, आणि ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर द्यायचं नाही. भाऊ खूश झाले. दर सहा आठवड्यांनी सोमवारी सभा, असं ठरलं.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. मिलमध्ये सगळ्यात लहान मीच आहे. मशीन चालवणारा हर्षल माझ्याच वयाचा वाटतो म्हणून मी आशेनं त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं खिशातून आधार कार्ड काढून दाखवलं. चार महिन्यांनी मोठा निघाला.

मग मी उभी राहिले. पुढचं तुला माहीत आहे. माझ्यानंतर हर्षल, मग बाकीचे. डाळ निवडणाऱ्या बायांच्या प्रमुख भिमाबाई खाली बसता बसता म्हणाल्या, “शिकलेली पोरगी म्हनते काही नाई, तं मंग मलेच काय पडलं?”

भाऊंनी आणखी दोन गोष्टी केल्या आहेत. शिबिरात सांगितलं होतं की मालकाचं दार सगळ्यांना उघडं असावं. त्यांनी केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढून गोदामात ठेवलं. तेव्हापासून लोक नळावर जायला मिलच्या मागून वळसा घालून जातात. दुसरं म्हणजे त्यांनी एक लाकडी पेटी लावली आहे. जे तोंडानं सांगवत नाही ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. पेटी दर शनिवारी उघडतात. आज उघडली. आत एक झुरळ होतं. भाऊ बराच वेळ त्या पेटीत पाहत उभे होते. माणूस वाईट नाही, आत्या. मला पाहवलं नाही.

तुझी,
समता


धाड
गुरुवार, १५ जानेवारी

चि. समता हिस,
आशीर्वाद आणि जयभीम.

चूक दुरुस्त केलीस ते बरं केलंस. पण अर्धीच केलीस. तुझं काही म्हणणं नव्हतं, हे वाक्य खरं होतं की खोटं, ते लिहिलं नाहीस. पहिली-दुसरी तू शाळेत गेलीच नाहीस, माझ्याजवळ बसून शिकलीस. माझ्याकडे शिकायला येणारी बाकीची पोरं चिंचोके मोजायची. तू मोजलेले बरोबर मोजले का ते परत मोजायचीस. अशा पोरीचं काहीच म्हणणं नसतं, हे मला पटत नाही.

आता रीतीचं. आपल्या घरी ती चालते, कारण गोल मोडला की सगळे एकाच पातेल्यातलं जेवतात. तुझ्या बापाला मी भर गोलात आळशी म्हटलं, तर त्यानं रात्रभर तोंड फुगवलं आणि सकाळी मलाच चहा करून दिला. तुझ्या मिलमध्ये कोणी मालकाला आळशी म्हणालं तर सकाळी त्याला चहा मिळेल की घरी बसावं लागेल, हे त्या माणसांना ठाऊक नाही. तू रीत उचलून नेलीस. घर कुठून नेणार?

एक काम कर. सभा, पेटी, दार, सगळं बाजूला ठेव. तिथली माणसं आपापसात बोलतात कधी, ते बघ. बोलतच असतील. माणसं आहेत ती. फक्त बघ, लिहून काढू नको. तू वही काढलीस की माणसं कुलूप लावतात.

झुरळाचं वाचून मी एकटीच हसत बसले. शेजारची सरस्वतीबाई म्हणाली, “काऊन वं गुरुजीबाई, लॉटरी लागली का?”

तुझी आत्या,
धम्मशीला

ता. क. फोनवर हे सगळं सांगत जाऊ नको. फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ म्हणतेस.


नांदुरा
बुधवार, २१ जानेवारी

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तेव्हापासून तीन दिवस मी पाहते आहे. वही काढली नाही.

बोलत नाहीत. बोलणं शक्यच नाही. मशीनचा आवाज एवढा असतो की सगळी बोली हातांची आहे. दोन बोटं म्हणजे दोन कट्टे, डाळीची पोती. तळहात उपडा म्हणजे तूर ओली आहे. कानाला हात म्हणजे भाऊ आले. आजवर मी माझा चहा ऑफिसात टेबलावरच घेत होते. या तीन दिवसांत मुद्दाम आत जाऊन घेतला. तिथंही तेच. पिऊन गिलास खाली ठेवतात आणि कामाला लागतात. तुझा अंदाज या वेळी चुकला, असं नम्रपणे लिहिते.

पण एक आनंदाची बातमी आहे. शनिवारी पेटीत एक चिठ्ठी निघाली! मजकूर असा होता: ‘सकाळचा चहा साडेदहाऐवजी दहा वाजता मिळाल्यास बरे होईल, कारण घरून लवकर निघावे लागते. कृपया विचार व्हावा.’ खाली नाव नव्हतं. वजनकाट्याच्या जुन्या पावतीच्या पाठीवर लिहिलेली होती. भाऊंनी ती तीन वेळा वाचली, मोबाईलमध्ये तिचा फोटो काढला आणि मला म्हणाले, “बघ समता! कोणीतरी बोललं!” त्यांचे डोळे ओले झाले होते.

सोमवारपासून चहा दहाला सुरू झाला. मागणी आली आणि दोन दिवसांत पूर्ण झाली. सुरुवात तरी झाली, असं मला वाटतं. तुलाही वाटतं ना?

तुझी,
समता


धाड
मंगळवार, २७ जानेवारी

चि. समता हिस,
आशीर्वाद आणि जयभीम.

माझा अंदाज चुकला असेल. साठी उलटल्यावर माणसाला तेवढी सवलत असते.

ती चिठ्ठी तुझ्या मालकानंच टाकली असणार, असं मला वाटतं. झुरळ पाहून खचला, आणि रात्री येऊन स्वतःच टाकली. नाहीतर आपल्या मिलमध्ये चहा किती वाजता असावा यावरून कोणाचे डोळे भरतात? तुझं मत काय ते सविस्तर लिही.

आणि तुला एक विचारायचं राहिलं. चहा आता दहाला होतो. मग साडेदहाला काय होतं?

काल इथल्या शाळेत झेंड्याला गेले होते. पाहुणा पाऊण तास बोलला. पोरांनी पहिल्या पाच मिनिटांतच मातीवर बोटानं चित्रं काढायला घेतली. मला चित्रं जास्त आवडली.

तुझी आत्या,
धम्मशीला


नांदुरा
रविवार, १ फेब्रुवारी

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

चिठ्ठी भाऊंनी टाकली असेल का, याबद्दल मी ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. भाऊंचा स्वभाव भावनाप्रधान आहे, हे खरं. पेटीची किल्ली त्यांच्याकडेच असते, हेही खरं. त्यांना चहा आवडतो. पण पुराव्याशिवाय कोणावर ठपका ठेवू नये, असं तूच शिकवलंस.

साडेदहाला काय होतं, ते मला शुक्रवारी कळलं. भिमाबाई तरातरा ऑफिसात आल्या, माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून म्हणाल्या, “मॅडम, तुमची ते पेटी फोडून टाका!”

मी म्हटलं, “काय झालं मावशी?”

“काय झालं म्हनते! बारा वर्सं झाले. साडेदहाले मशीन बंद व्हाची. हर्षल चाळन्या साफ करे, अन् आमी कट्ट्यायवर बसून पंधरा मिनिटं मानसासारखं बोलो. कोनाच्या पोरीले पाव्हने पाह्यले आले, कोनाची सासू रुसली, सारं तिथंच समजे. या हर्षलले भी तिथंच सुनवो का बाप्पा, मशीन हळू चालव, डाळ तुटून राह्यली. तो आइके! आता चहा दहाले. मशीन घरघर करून राह्यली. मी सांगून राह्यली का माह्या गुडघा दुखते, तं शेजारची मले गिलास पुढं करते!”

“पण साडेदहाला मशीन आताही बंद होतंच ना?”

“होते. पन हातात चहा नाई तं बसाव कोन्या तोंडानं? भाऊ त्या बिनदाराच्या केबिनीतून टुकूटुकू पाह्यते!”

म्हणजे तुझा अंदाज चुकला नव्हता. मी पाहायला गेले त्याच दिवशी ते बंद पडलं होतं.

काल पेटी उघडली. चौदा चिठ्ठ्या! चहा परत साडेदहाला करा, असं म्हणणाऱ्या नऊ. ‘ज्याने दहाचा चहा मागितला त्याने मर्दासारखे पुढे यावे,’ अशा तीन. एक पंख्याबद्दल. आणि एकीत होतं, ‘भाऊ, दार बसवा. तुम्ही फोनवर सासऱ्याशी भांडता ते आम्हाला ऐकू येते, आम्हालाच लाज वाटते.’ भाऊ लाल झाले, पण चिठ्ठी फाडली नाही. म्हणाले, “समता, ही बघ ताकद! एका माणसानं हिंमत केली आणि बाकीचे उठले. तो पहिला माणूस शोधला पाहिजे. त्याचा सत्कार करू.”

इथून पुढचं चांगलं नाही. भाऊंनी ती पहिली चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. पावती काट्याची, म्हणून सगळ्यांचा संशय तुळशीरामकाकांवर गेला आहे. बावीस वर्षं ते काटा सांभाळतात. शेतकऱ्याची तूर असो की व्यापाऱ्याची डाळ, त्यांनी आकडा सांगितला की कोणी परत विचारत नाही. त्यांनी साफ सांगितलं, “म्या नाई लिहिलं.” भाऊ म्हणतात, “बघा, किती विनम्र!” बाकीचे म्हणतात, लिहिलं आणि आता नाकबूल होतो. बाया त्यांच्याशी बोलत नाहीत. काल इंद्रभान हमाल त्यांच्यासमोरच म्हणाला, “काट्यावरचा मानूसच खोटं बोलते, तं काटा काय खरं बोलन बे?” आणि आकडा स्वतः वाकून पाहिला. काकांनी त्याला जागा करून दिली.

आत्या, एक विचारते. तत्त्व म्हणून विचारते. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं चांगल्या हेतूनं लिहिली असेल, आणि त्यातूनच आता लोक खरोखर लिहायला लागले असतील, तर त्यानं गप्प राहिलं तर चालेल का?

तुझी,
समता


धाड
गुरुवार, ५ फेब्रुवारी

समता,

तत्त्व म्हणून उत्तर देते. नाही चालत.

आता माझं एक खोटं आधी सांगते. चिठ्ठी मालकानं टाकली असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. तुला बोलायला जागा करून दिली होती. तू त्या जागेत नीट मांडी घालून बसलीस, आणि मालकाला चहा आवडतो, हे मला कळवलंस.

तुझ्या त्या पत्रातच मला कळलं होतं. दिवसभर पोती वाहून कोणता माणूस पावतीच्या पाठीवर ‘कृपया विचार व्हावा’ लिहील? ते रजेच्या अर्जातलं वाक्य आहे. मीच तुला शिकवलं, तू सात वर्षांची असताना, आणि तू गंमत म्हणून तुझ्या आईला अर्ज केला होतास की आज भेंडी नको. शिवाय चिठ्ठीत मागणीचं कारण दिलं होतं. खरं मागणारा माणूस कारण देत नाही. दहाला चहा पाहिजे, एवढंच म्हणतो.

पुढचं वऱ्हाडीत सांगते, कारण पुस्तकी भाषेत मला रागावता येत नाही. पोरी, तुले त्या मालकाची कीव आली, हे मले समजते. पन कीव तुह्यी अन् नाव तुळशीरामचं, हे कोन्या शाळेत शिकली तू? माह्या शाळेत तं नाई.

रागावून झालं. आता नीट वाच. सभेत उभं राहून कबूल करायचं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाक. मी तुला ओळखते, भाषणाची चार पानंही झाली असतील. सभेत तू रडशील. मालकाचे डोळे भरतील. तो काकांच्या सत्काराची शाल तुझ्या अंगावर टाकील आणि सगळे टाळ्या वाजवतील. ज्याची बावीस वर्षं पणाला लागली, तो मागे उभा राहून टाळ्या वाजवील. ते कबूल करणं झालं नाही, तो तुझा वाढदिवस झाला.

आधी त्याला सांग. एकट्याला, आणि त्याच्या जागेवर जाऊन.

तुझी आत्या,
धम्मशीला

ता. क. तू वाईट मुलगी आहेस, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. परत वाचून पाहशील, म्हणून आधीच सांगते.


नांदुरा
मंगळवार, १० फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

परत वाचून पाहिलं. नाही लिहिलेलं.

चिठ्ठी मीच लिहिली. शनिवारी, सतरा तारखेला, मिल उघडायच्या आधी. काट्याच्या जुन्या पावत्या माझ्या टेबलावर कच्च्या कामासाठी असतात, त्यातली एक हाताला लागली. डाव्या हातानं लिहिली. कोणाचं नुकसान होणार नाही अशी मागणी अर्धा तास शोधत होते. पंखा मागितला तर खर्च, सुट्टी मागितली तर काम अडेल. चहा अर्धा तास अलीकडे आल्यानं कोणाचं काय बिघडणार, असं वाटलं. आत जाऊन एक दिवस त्यांच्यासोबत चहा घेतला असता तर कळलं असतं. दीड महिना मी तिथून वीस पावलांवर बसून चहा पीत होते.

भाषणाची पाच पानं झाली होती. फाडली.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती, ती लिहिते. एकतीस तारखेला संध्याकाळी तुळशीरामकाका ती चिठ्ठी भाऊंकडून मागून घेऊन माझ्याकडे आले होते. म्हणाले, “मॅडम, कागद माह्या काट्याचा हाये, हे खरं. पन अक्षर माह्यं नाई. तुमी शिकलेल्या आहा, तुमी तरी पाहा.” मी चिठ्ठी हातात घेतली. मिनिटभर अगदी बारकाईनं पाहिली, जणू पहिल्यांदाच पाहते आहे. आणि म्हटलं, “सांगता येत नाही, काका.” ते म्हणाले, “बरं,” आणि तिची घडी घालून घेऊन गेले. चिठ्ठी लिहिली त्याचं मला एवढं वाटत नाही, त्या मिनिटाचं वाटतं.

पुढचं अजून वाईट आहे. सोळा तारखेच्या सभेत शाल, नारळ आणि ‘मोकळेपणाचा मानकरी’ असं लिहिलेली पाटी द्यायचं भाऊंनी ठरवलं. पाटी मलकापूरहून तयार होऊन आली, त्यावर काकांचं नाव आहे. ती पाहिल्यावर काकांनी भाऊंना सांगितलं, “मी सोळापासून येत नाई.” भाऊ गोंधळून माझ्याकडे आले. “समता, मी त्याचा मान करतोय, आणि तो सोडून चालला! माझं काय चुकलं, मोकळं सांग ना.” मी म्हटलं, “विचार करून सांगते.” ते दार नसलेल्या केबिनमध्ये जाऊन बसले. मला तिथून दिसत होते.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. वाचलं आणि तशीच उठून काट्यावर गेले. काट्यावर हर्षल होता. “काका भाचीच्या लग्नाले गेले ना मॅडम, बुधवारपर्यंत सुट्टी हाये त्याईची.” मला आधी सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचीच मग इतकी लाज वाटली की मी तिथं उभी राहून हर्षललाच सगळं सांगून टाकणार होते. तो आकडे लिहून घेत होता. त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, “कोनता लॉट मोजाचा हाये?” मी म्हटलं, “कोणता नाही.” बरं झालं, नाहीतर काकांच्या आधी अख्ख्या मिलला कळलं असतं.

मी काय बोलणार ते ठरवलं आहे. ‘काका, ती चिठ्ठी मी लिहिली, आणि तुम्ही दाखवलीत तेव्हा ओळखूनही खोटं बोलले.’ एवढंच. चांगल्या हेतूचं काही सांगणार नाही. ते रागावले तर ऐकून घेईन. मग विचारीन की बाकीच्यांना कोणी, कधी आणि कुठं सांगायचं. नाव त्यांचं गेलं आहे, म्हणून ते ठरवतील तसं. ते म्हणाले इंद्रभानसमोर सांग, तर इंद्रभानसमोर. साडेदहाला मशीन बंद असताना सगळ्यांसमोर सांग म्हणाले, तर तसं. त्यानंतर त्याच दिवशी भाऊंना. माझ्या नेमणुकीची तीन महिन्यांची मुदत या महिन्याच्या शेवटी संपते. भाऊ मला पुढे ठेवतील की नाही, मला सांगता येत नाही. हे ‘सांगता येत नाही’ मात्र खरं आहे.

भीती वाटते का, असं तू विचारशील. वाटते. कालपासून तीनदा मनात आलं की तुला पत्र टाकावं, तुझं उत्तर येऊ द्यावं, आणि मग जावं. म्हणून पोस्टाचे दिवस मोजले. आज टाकलेलं पत्र तुला शुक्रवारच्या आधी मिळत नाही. मुद्दामच आज टाकते आहे.

काका गुरुवारी कामावर येतील आणि साडेआठला काटा उघडतील. पहिली गाडी नवाच्या आत येत नाही, म्हणजे त्यांच्याकडे अर्धा तास असतो. मी सव्वाआठला तिथं असेन. गुरुवार, बारा फेब्रुवारी.

तुझी,
समता